मधली फळी : सेट-टॉप बॉक्सच्या आतले सॉफ्टवेअर

सेट-टॉप बॉक्समधले सॉफ्टवेअर थरांनी रचलेले असते. अगदी तळाशी बूटलोडर, म्हणजे वीज आल्याबरोबर सर्वांत आधी जागा होणारा छोटासा प्रोग्रॅम. त्याच्यावर ट्यूनर, डिकोडर, रिमोटचा सेन्सर यांना चालवणारे ड्रायव्हर आणि एखादी आटोपशीर ऑपरेटिंग सिस्टीम, बहुधा लिनक्स. सर्वांत वर प्रेक्षकाला दिसणाऱ्या गोष्टी : वाहिन्यांची यादी, कार्यक्रमांचे वेळापत्रक, मेनू, खेळ, देवदर्शन. तळ आणि माथा यांच्या मधे जो थर असतो त्याला मिडलवेअर म्हणतात. क्रिकेटच्या भाषेत ही मधली फळी. माथ्यावरच्या ॲप्लिकेशनने ‘अमुक क्रमांकाची वाहिनी लाव’ एवढेच सांगायचे. कोणती फ्रिक्वेन्सी, प्रवाहातली कोणती पाकिटे, कुलूप उघडायला कोणती किल्ली, हे सगळे मधल्या फळीने पाहायचे. बॉक्समधली चिप एका कंपनीची असो वा दुसरीची, वरच्या ॲप्लिकेशनला त्याचा पत्ता लागू नये, हा या थराचा मुख्य हेतू. त्यासोबत ॲप्लिकेशन कसे लिहायचे, ते कधी सुरू व्हायचे, कधी थांबायचे, पडद्याचा किती भाग आणि किती मेमरी त्याला मिळायची याचे नियम ठरवून दिले आणि तयार सुटे भाग पुरवले, की त्या सगळ्याला फ्रेमवर्क म्हणता येते.

मुंबईच्या उपनगरांत हा बॉक्स कसा आणि कशासाठी आला, यावर त्यातल्या मधल्या फळीचे पुढचे नशीब अवलंबून होते. महापालिकेच्या टी विभागातले मुलुंड हे मध्य रेल्वेवर मुंबईच्या हद्दीतले शेवटचे स्थानक. चेकनाका ओलांडला की ठाणे. केबल टीव्हीच्या पहिल्या वीसेक वर्षांत या भागातही, साऱ्या मुंबईप्रमाणे, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर ओढलेली काळी वायर खिडकीतून आत यायची आणि थेट टीव्हीच्या पाठीत खोचली जायची. मधे काहीच नव्हते. वायर आली की सगळ्या वाहिन्या आल्या. केबलवाल्याकडे नेमकी किती घरे जोडलेली आहेत हे मोजण्याची सोय या अ‍ॅनालॉग पद्धतीत नव्हती. तो सांगेल तो आकडा धरून वाहिनीवाल्यांचा हिशेब होई, आणि हा आकडा खऱ्याहून कमी असतो ही त्यांची कायमची तक्रार होती.

१९९५च्या केबल टीव्ही कायद्यात २००२मध्ये दुरुस्ती होऊन सशुल्क वाहिन्यांसाठी बॉक्स लावण्याची तरतूद आली. ‘कॅस’ नावाने ओळखली गेलेली ही योजना २००७च्या प्रारंभी मुंबईत आली ती दक्षिणेकडच्या भागापुरती. मुलुंड त्यात नव्हते. पुढे २०११च्या दुरुस्तीने संपूर्ण डिजिटायझेशन सक्तीचे झाले. पहिल्या टप्प्यात दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई होती. त्यांची मुदत ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबर २०१२पर्यंत वाढवली गेली. ठाणे दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत होते. तिथली मुदत ३१ मार्च २०१३. म्हणजे एकाच रस्त्यावर, चेकनाक्याच्या अलीकडच्या घराला बॉक्स घेणे भाग होते, तर पलीकडच्या घराला आणखी पाच महिने मिळाले.

केबलचा बॉक्स आला तो मुख्यतः मोजणीसाठी. प्रत्येक घराला क्रमांक मिळावा, प्रत्येक वाहिनीला कुलूप लागावे आणि कुणी कशाचे पैसे भरले ते केबल कंपनीच्या केंद्रातून कळावे, हे त्याचे काम. कोट्यवधी बॉक्स एकदम बसवायचे होते आणि गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायला तयार नव्हते. त्यामुळे घेतले गेले ते स्वस्तातले बॉक्स. त्यांची मेमरी जेमतेम, प्रोसेसर साधा आणि मधली फळी कायद्याला लागेल तेवढीच. संवादी टीव्हीचा, म्हणजे प्रेक्षकाने बटण दाबून पडद्याशी काही व्यवहार करण्याचा, विचार त्यात सर्वांत शेवटी आला. डीटीएचवाल्यांचे, म्हणजे उपग्रहावरून थेट घरात सेवा देणाऱ्यांचे, तसे नव्हते. डिश टीव्ही २००३मध्ये आणि टाटा स्काय ऑगस्ट २००६मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यांना घरात आधीच असलेल्या केबलशी झुंजायचे होते. केबलमध्ये नाही ते काहीतरी देणे त्यांना भागच होते, आणि ते देण्यासाठी चांगली मधली फळी लागत होती.

बॉक्समध्ये नेमके काय घडते ते पाहिले की या थराचे महत्त्व कळते. डिजिटल केबलमध्ये ८ मेगाहर्ट्‌झच्या एका पट्ट्यातून सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती पाठवता येते. पूर्वी जिथे एक वाहिनी मावायची तिथे आता दहा-वीस मावतात. हा सारा प्रवाह १८८ बाइटच्या पाकिटांत कापलेला असतो आणि प्रत्येक पाकिटावर एक क्रमांक असतो. या क्रमांकाला १३ बिट दिलेले आहेत, म्हणून ८,१९२ वेगवेगळे क्रमांक शक्य होतात. मुलुंड पश्चिमेचे टपाल ४०००८० आणि पूर्वेचे ४०००८१ या पिनकोडवरून वेगळे काढावे, तशी ही पाकिटे क्रमांकावरून वेगळी काढली जातात. पण कोणत्या क्रमांकाच्या पाकिटात काय आहे हे बॉक्सला कोण सांगणार? त्यासाठी त्याच प्रवाहातून काही तक्ते सतत फिरत असतात. शून्य क्रमांकाच्या पाकिटात मुख्य तक्ता असतो. तो सांगतो की या प्रवाहात कोणते कार्यक्रम आहेत आणि प्रत्येकाचा स्वतःचा तक्ता कुठल्या क्रमांकावर मिळेल. त्या दुसऱ्या तक्त्यात चित्राचा, आवाजाचा आणि किल्लीचा क्रमांक मिळतो. वाहिन्यांची नावे एका तक्त्यात, आता आणि पुढे काय लागणार हे आणखी एका तक्त्यात, वेळ आणि तारीख निराळ्याच तक्त्यात. रिमोटवर ‘गाइड’ दाबल्यावर जो टापटीप तक्ता दिसतो, तो मधल्या फळीने हे सगळे तुकडे गोळा करून, मेमरीत रचून ठेवलेला असतो. नवा बॉक्स लावल्यावर सुरुवातीला गाइडचे बरेच रकाने रिकामे दिसतात आणि हळूहळू भरत जातात, त्याचे कारण हेच.

कुलपाचेही असेच. चित्र उघडणारी किल्ली काही सेकंदांनी बदलत राहते आणि तीही गुंडाळलेल्या स्वरूपात प्रवाहातूनच येते. ती गुंडाळी सोडवण्याचा अधिकार बॉक्समधल्या कार्डाला आहे की नाही, हे सांगणारे संदेश वेगळे असतात. असा संदेश एका विशिष्ट कार्डाच्या नावे असतो आणि तो काही वेळ पुनःपुन्हा पाठवला जातो, कारण त्या क्षणी बॉक्स चालू आहे की नाही हे केंद्राला कळत नाही. पैसे भरल्यावर ‘बॉक्स चालू ठेवा, थोड्या वेळाने वाहिनी दिसेल’ असे सांगितले जाते त्याचा उलगडा इथे होतो.

भारतातल्या मधल्या फळीवर काही कामे थेट नियमांनी सोपवलेली आहेत, आणि ती पाहण्याजोगी आहेत. चोरून प्रक्षेपण करणाऱ्याचा माग लागावा म्हणून कार्डाचा वा बॉक्सचा क्रमांक पडद्यावर अधूनमधून उमटवावा लागतो. यालाच फिंगरप्रिंट म्हणतात. तो सर्वांत वरच्या थरावर दिसला पाहिजे, रिमोटचे कोणतेही बटण दाबून जाता कामा नये, आणि मेनू किंवा गाइड उघडे असतानाही दिसला पाहिजे. केंद्रातून पाठवलेला किमान १२० अक्षरांचा संदेश बॉक्सने दाखवला पाहिजे. ट्राय या नियामक संस्थेच्या २०१७च्या नियमांनी तर गाइडचा क्रमच ठरवून दिला : एका प्रकारच्या वाहिन्या एकत्र, त्यातही एका भाषेच्या वाहिन्या लागोपाठ, आणि एक वाहिनी एकाच ठिकाणी. पैसे घेऊन एखादी वाहिनी भलत्याच ठिकाणी बसवण्याला त्यामुळे आळा बसला. फेब्रुवारी २०१९पासून वाहिन्या सुट्या निवडण्याची पद्धत लागू झाली, तेव्हा प्रत्येक वाहिनीची किंमत ग्राहकाला पडद्यावर दिसणे गरजेचे झाले. या प्रत्येक बदलासाठी लाखो घरांतल्या बॉक्सचे सॉफ्टवेअर दूर अंतरावरून बदलावे लागले. ते कामही मधली फळीच करते : नवी आवृत्ती प्रवाहातून तुकड्यातुकड्यांनी उतरवायची, ती खरी आहे याची खात्री पटवायची, आणि मधेच वीज गेली तर जुनी आवृत्ती शाबूत राहील अशी व्यवस्था ठेवायची. ही शेवटची काळजी घेतली नाही, तर बॉक्स दुरुस्तीलाच न्यावा लागतो.

आता संवादी ॲप्लिकेशनकडे. डीटीएचचा बॉक्स फक्त ऐकतो; उपग्रहाला तो उलट काही सांगू शकत नाही. मग बटण दाबल्यावर हवे ते पान कसे येते? उत्तर असे की बॉक्स काही मागवत नाही, येणारे पकडतो. सेवेची सगळी पाने, चित्रे आणि प्रोग्रॅम एकामागून एक प्रवाहात सोडले जातात आणि शेवटचे संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. जत्रेतल्या रहाटपाळण्यासारखे हे आहे : हवा तो पाळणा खाली येईपर्यंत उभे राहायचे. समजा, एका सेवेची सगळी सामग्री २ मेगाबाइट आहे आणि तिला सेकंदाला ५०० किलोबिटची वाट दिली आहे. २ मेगाबाइट म्हणजे १६ मेगाबिट. एक फेरी पुरी व्हायला ३२ सेकंद लागतील. नशीब चांगले असेल तर पान लगेच सापडते, नसेल तर पूर्ण फेरी थांबावे लागते. सरासरी १६ सेकंद. इतकी वाट कुणी पाहत नाही. म्हणून जास्त पाहिली जाणारी पाने एकाच फेरीत दोन-तीनदा घालतात, आणि बॉक्समध्ये मेमरी असेल तर मधली फळी पुढे लागतील अशी पाने आधीच पकडून ठेवते. ‘लोडिंग’ असे लिहून फिरत राहणारे चक्र हा बहुतेक वेळा याच पाळण्याचा हिशेब असतो.

ही युक्ती जुनी आहे. बीबीसीची सीफॅक्स ही टेलिटेक्स्ट सेवा १९७४मध्ये याच तत्त्वावर सुरू झाली. चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींतून मजकुराची पाने फिरत राहायची. दूरदर्शननेही १९८५मध्ये दिल्लीत ‘इन्टेक्स्ट’ नावाने असा प्रयोग केला. सीफॅक्स २३ ऑक्टोबर २०१२ला बंद झाले. मुंबईची अ‍ॅनालॉग केबल बंद होण्याची मुदत त्यानंतर आठवड्याभरानेच होती.

महाराष्ट्रातल्या घरांत या तंत्राचा सर्वांत ओळखीचा चेहरा म्हणजे टाटा स्कायच्या ‘ॲक्टिव्ह’ सेवा. स्वयंपाक, मुलांच्या गोष्टी, इंग्रजी शिकणे, खेळ अशा कितीतरी सेवा या नावाखाली आल्या. त्यांतली ‘ॲक्टिव्ह दर्शन’ ही रचनेच्या दृष्टीने बोलकी आहे. शिर्डी किंवा सिद्धिविनायक अशा मंदिरांतले थेट चित्र त्यात पाहायला मिळे आणि प्रेक्षक मेनूतून मंदिर निवडे. वरकरणी हे संवादी वाटते. प्रत्यक्षात सगळ्या मंदिरांची चित्रे प्रवाहात सततच येत असतात; मेनूतली निवड म्हणजे बॉक्सने पाकिटांचा क्रमांक बदलणे, एवढेच. तरीही मुलुंडच्या एखाद्या घरातल्या आजीला दादरला न जाता काकड आरती दिसली तर तिच्या लेखी ते खरेच असते. मर्यादित साधनांत माणसाला हवे ते दिले, हे या सेवेचे यश मानायला हवे.

अशी ॲप्लिकेशन कोणत्या फ्रेमवर्कवर चालायची? सुरुवातीला प्रत्येक कंपनीचे आपापले होते. १९९४मध्ये थॉमसन आणि सन मायक्रोसिस्टिम्स यांच्या भागीदारीतून निघालेले ओपनटीव्ही. फ्रान्सच्या कनाल प्लसचे मीडियाहायवे. आणि कुलूप-किल्लीच्या व्यवसायातून या क्षेत्रात आलेली एनडीएस. ब्रिटनमध्ये १९९८मध्ये सुरू झालेल्या स्कायच्या डिजिटल सेवेने ओपनटीव्ही वापरले. ही फ्रेमवर्क चांगली होती, पण बंदिस्त होती. एकासाठी लिहिलेले ॲप्लिकेशन दुसऱ्यावर चालत नसे. कंपन्या विकल्या गेल्या की फ्रेमवर्कही विकली जात : ओपनटीव्ही स्वित्झर्लंडच्या कुडेल्स्की समूहाकडे गेली, एनडीएस २०१२मध्ये सिस्कोने सुमारे ५ अब्ज डॉलरला घेतली आणि २०१८मध्ये तो व्यवसाय पुन्हा वेगळा होऊन सिनामीडिया झाला. भारतातल्या सेवाही अशाच परदेशी कंपन्यांच्या मधल्या फळीवर उभ्या होत्या, हे इथे लक्षात ठेवावे.

यावर उपाय म्हणून युरोपातल्या डीव्हीबी या संघटनेने २०००मध्ये एमएचपी हे खुले मानक आणले. त्याचा पाया जावा या भाषेचा. यातल्या ॲप्लिकेशनला एक्सलेट म्हणत आणि त्याच्या आयुष्याचे टप्पे ठरवून दिलेले होते : उतरवलेले, तात्पुरते थांबलेले, चालू, संपवलेले. यात एक मूलभूत विचार होता. संगणकावर प्रोग्रॅम हाच मालक असतो. टीव्हीवर मालक चालू असलेली वाहिनी असते. प्रेक्षकाने वाहिनी बदलली की त्या वाहिनीचे ॲप्लिकेशन निमूट बंद झाले पाहिजे, मेमरी परत दिली पाहिजे. म्हणून कोणत्या वाहिनीसोबत कोणते ॲप्लिकेशन आहे, ते आपोआप सुरू व्हायचे की बटण दाबल्यावर, आणि कधी मारून टाकायचे, हे सांगणारा एक खास तक्ताही प्रवाहात घातला गेला. ही कल्पना आजच्या फ्रेमवर्कमध्येही जिवंत आहे.

तरी एमएचपी फोफावले नाही. जावा चालवायला मेमरी जास्त लागे आणि बॉक्स महाग पडे. इटलीत सरकारने २००४मध्ये संवादी बॉक्ससाठी १५० युरोंपर्यंत अनुदान दिले म्हणून तिथे ते घरोघर पोचले. जर्मनीत वाहिन्यांनीच ते सोडून दिले. परवानाशुल्काच्या मागण्यांनी उरलेली हौसही फिटली. त्याच्या गाभ्याचा एक भाग मात्र ब्लू-रे डिस्कच्या मेनूंमध्ये टिकला. ब्रिटनने मुक्त डिजिटल वाहिन्यांसाठी एमएचईजी-५ हे पुष्कळ हलके मानक निवडले. ते कमी मेमरीत चालते, दिसायला साधे असते, आणि लाल बटण दाबून बातम्या वाचण्याची सवय एका अख्ख्या देशाला लावण्यात त्याचाही वाटा होता. २०१०मध्ये आलेल्या एचबीबीटीव्हीने वेब पानांचेच तंत्र उचलले : तक्त्यातून पत्ता मिळतो, पान इंटरनेटवरून उतरते.

सर्वांत लक्षवेधी उदाहरण ब्राझीलचे आहे. तिथे रिओच्या कॅथलिक विद्यापीठात गिंगा हे फ्रेमवर्क घडले. त्यात एनसीएल ही वर्णनाची भाषा आणि त्याच विद्यापीठात १९९३मध्ये जन्मलेली लुआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरली गेली. कुठले चित्र कोणत्या आवाजासोबत, कोणत्या क्षणी, कोणत्या बटणावर दिसावे एवढेच लिहायचे. बाकी गिंगा पाहून घेते. देशाच्या डिजिटल प्रक्षेपणाचा तो भाग झाला आणि पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्याला मानक म्हणून स्वीकारले. भारतात बॉक्सची सक्ती झाली तेव्हा असा मार्ग समोर होता. कुलूप, मोजणी, फिंगरप्रिंट यांचे नियम बारकाईने लिहिले गेले. मधल्या फळीवर ॲप्लिकेशन कसे लिहावे याचे देशापुरते समान मानक काही घडले नाही. मराठी शाळेसाठी, शेतकऱ्यासाठी, पालिकेच्या सूचनांसाठी एकदाच लिहून सगळ्या घरांत चालेल असे ॲप्लिकेशन त्यामुळे शक्यच झाले नाही. ही संधी हुकली, असे म्हणायलाच हवे.

पडद्यावर मराठी दाखवणे हा या साऱ्यातला सर्वांत नाजूक भाग, आणि फ्रेमवर्कची खरी परीक्षा तिथे होते. कार्यक्रमाचे नाव प्रवाहातून येते ते आकड्यांच्या रूपात. मजकुराचा पहिला बाइट सांगतो की पुढची अक्षरे कोणत्या संकेतात आहेत. युटीएफ-८ असेल तर तो बाइट १५ असतो, षोडशमान पद्धतीने लिहिलेला. रोमन लिपीत ‘मुलुंड’ लिहायला ६ बाइट लागतात. देवनागरीतही घटक सहाच : म, उकार, ल, उकार, अनुस्वार, ड. पण युटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक घटकाला ३ बाइट, म्हणून १८. ‘सह्याद्री’त नऊ घटक, म्हणजे २७ बाइट. कार्यक्रमाचे नाव आणि त्याची थोडक्यात माहिती जिथे ठेवतात त्या रकान्याची कमाल लांबी २५५ बाइट. इंग्रजीत तिथे दोन-तीन वाक्ये मावतात; मराठीत ऐंशीएक घटकांत सगळे आटोपावे लागते. मराठी वाहिन्यांची नावेसुद्धा गाइडमध्ये वर्षानुवर्षे रोमन लिपीत दिसत राहिली, त्यामागे अनास्थेइतकाच हा हिशेबही आहे.

आकडे मिळाले तरी अक्षर उमटवणे बाकी राहते. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग ऱ्हस्व इकार साठवलेला असतो, पण पडद्यावर इकार आधी काढावा लागतो. ‘सर्व’मधला रफार साठवणीत व-च्या आधी आणि चित्रात व-च्या डोक्यावर. हे काम करणारा अक्षरजुळणीचा भाग आणि त्याला साजेसा फॉन्ट, दोन्ही मेमरी खातात. म्हणून स्वस्त बॉक्समध्ये ते गाळले जात. जिथे ते होते तिथेही बऱ्याचदा हिंदी डोळ्यासमोर ठेवलेले असे. मराठीत दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दुसऱ्या शब्दातला र आडव्या झोकात, पापणीसारखा काढावा लागतो आणि त्यासाठी युनिकोडमध्ये ऱ हा निराळा घटक आहे. फॉन्टमध्ये तो नसेल, तर सह्याद्रीच्या दऱ्यांवरचा माहितीपट समुद्रावरचा होऊन बसतो.

आणखी एक अडचण जुन्या टीव्हींची. ५७६ ओळींचे जुने चित्र दोन हप्त्यांत रंगते : आधी विषम ओळी, मग सम ओळी. एकच ओळ जाडीची आडवी रेघ काढली तर ती फक्त एका हप्त्यात दिसते आणि सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. रोमन अक्षरांत लांब आडव्या रेघा क्वचित असतात. देवनागरीत तर प्रत्येक शब्दावर शिरोरेषा. बारीक फॉन्टमधला मराठी मेनू अशा पडद्यावर थरथरतो आणि डोळे दुखतात. उपाय सोपा आहे, शिरोरेषा किमान दोन ओळी जाड ठेवणे किंवा तिच्या कडा किंचित पुसट करणे. पण तो सुचायला फॉन्ट करणाऱ्याने मराठी मजकूर त्या पडद्यावर, आठ-दहा फुटांवरून वाचून पाहायला हवा.

याच अंतरामुळे टीव्हीची फ्रेमवर्क मोबाइलपेक्षा वेगळी पडतात. इथे बोट टेकवायला काही नाही. हाती चार बाण आणि एक ‘ओके’. पडद्यावरच्या चौकटींपैकी एकच उजळलेली असते आणि उजवा बाण दाबल्यावर कोणती उजळावी हे फ्रेमवर्कने ठरवायचे असते. रांगा असमान असतील, एखादी चौकट अजून उतरायची असेल, तर हा निर्णय सोपा राहत नाही. बटण दाबल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागात काहीतरी हलले नाही तर माणूस बटण पुन्हा दाबतो, आणि मग दोन घरे पुढे गेलेली चौकट शोधत बसतो.

प्रेक्षकाकडून केंद्राकडे जाणाऱ्या उलट वाटेचा प्रश्न इंटरनेटने सोडवला. ब्रिटनमध्ये स्कायच्या बॉक्सला टेलिफोनची तार जोडत. इथे वाहिनी मागवायला प्रेक्षक मोबाइलवरून एसएमएस पाठवत राहिला, म्हणजे संवादाचा अर्धा भाग बॉक्सच्या बाहेरच घडत होता. घरोघर ब्रॉडबँड आल्यावर बॉक्सच बदलले. २०१९मध्ये एअरटेलचा एक्स्ट्रीम आणि डिश टीव्हीचा स्मार्ट हब, जानेवारी २०२०मध्ये टाटा स्कायचा बिंज प्लस, हे सारे अँड्रॉइड टीव्हीवर चालणारे. अँड्रॉइड टीव्ही २०१४मधले. त्यात उपग्रहाचा प्रवाह आणि इंटरनेटवरची ॲप एकाच मेनूत बसतात आणि ॲप लिहिणाऱ्याला तक्ते, पाकिटे यांच्या वाटेला जावे लागत नाही. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या कॉमकास्टने २०१२मध्ये आणलेले आरडीके हे लिनक्सवरचे, अनेक केबल कंपन्यांनी मिळून वाढवलेले व्यासपीठ आहे. त्याच्यासोबत वापरले जाणारे लाइटनिंग हे खुले फ्रेमवर्क वेब पानाची नेहमीची रचना बाजूला ठेवून चित्रे थेट ग्राफिक्स चिपकडून रंगवून घेते, म्हणून कमी ताकदीच्या बॉक्सवरही मेनू सरकताना अडखळत नाही.

मालकीचा प्रश्न मात्र नव्या रूपात उभा राहिला. पूर्वी मधली फळी कुलूपवाल्या कंपनीची होती, आता ती गुगलची झाली. स्मार्ट टीव्हीवर अँड्रॉइडसोबत ॲपचे दुकान आणि इतर सेवा एकत्रच घ्यायला लावण्याच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२५मध्ये तडजोड मंजूर केली, गुगलने २०.२४ कोटी रुपये भरायचे आणि या गोष्टींचा सुटा परवानाही द्यायचा, असे ठरले. रिलायन्स जिओने त्याच वर्षी स्वतःची जिओ टेली ओएस ही टीव्हीसाठीची प्रणाली बाजारात आणली.

सेवा बदलली की बॉक्स निकामी होतो, ही तक्रार तेवढी जुनीच आहे. मुलुंडहून ठाण्याला बिऱ्हाड हलवून दुसरा केबलवाला घेतला तर जुना बॉक्स चिप तीच असूनही चालत नाही. ट्रायने एप्रिल २०२०मध्ये शिफारस केली की बॉक्स कोणत्याही सेवेवर चालण्याजोगे असावेत आणि टीव्हीत यूएसबी पद्धतीची खाच असावी, जिच्यात सेवा देणाऱ्याचे छोटे मॉड्यूल बसवता येईल. असे मॉड्यूल कुलूप उघडण्याचे काम करते. गाइडची मांडणी, ॲप्लिकेशन, फिंगरप्रिंट आणि संदेश दाखवण्याची रीत ही मात्र बॉक्सच्या किंवा टीव्हीच्या मधल्या फळीकडेच राहते. सेवेची ॲप्लिकेशनही नव्या घरात चालायची असतील, तर मॉड्यूलच्या जोडीला दोन्हीकडच्या बॉक्समध्ये एकाच मानकाची फ्रेमवर्क असावी लागते.